शालेय गायन आणि अंदाजपत्रकाची कात्री

इ. स. १८३७ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या शाळासमितीने एक ठराव संमत केला. शहरातील चार सार्वजनिक शाळांत प्रयोगादाखल गायनाचे शिक्षण सुरू करावे, असा त्या ठरावाचा आशय होता. ठरावामागे नागरिकांचे अर्ज होते, एका उपसमितीने परिश्रमपूर्वक लिहिलेला अहवाल होता, आणि शहराचे तत्कालीन महापौर सॅम्युएल एलियट हे तर स्वतः बॉस्टन संगीत अकादमीचे अध्यक्ष होते. इतके सारे अनुकूल असूनही त्या ठरावाने एकाही शाळेत गायनाचा तास सुरू झाला नाही. ठराव करणे शाळासमितीच्या हाती होते. पैसा मंजूर करणे मात्र नगर परिषदेच्या हाती होते, आणि नगर परिषदेने या कामासाठी काहीही तरतूद केली नाही.

ठराव आहे परंतु तरतूद नाही, ही अवस्था कोणत्याही देशातील शिक्षकास अपरिचित नसावी. बॉस्टनची ही हकीकत येथे विस्ताराने सांगण्याचे कारण एवढेच की, सरकारी शाळेतील संगीत आणि सरकारी तिजोरी यांचा जो झगडा पुढे दीडशेहून अधिक वर्षे अमेरिकेत चालू राहिला, त्याचा पहिला अंक येथे घडला. आणि त्या झगड्यात जिंकण्याचा व हरण्याचा प्रकारही येथेच प्रथम दिसून आला.

त्या वर्षी मार्ग काढला तो लॉवेल मेसन यांनी. मेसन यांचा जन्म १७९२ चा. तरुणपणी ते दक्षिणेकडील सव्हाना या गावी बँकेत नोकरी करीत आणि फावल्या वेळात प्रार्थनामंदिरातील गायकवृंदाला शिकवीत. १८२२ मध्ये त्यांनी तयार केलेला प्रार्थनागीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर त्यांनी स्वतःचे नावही घालू दिले नाही. बँकेतील मनुष्य गवई म्हणून ओळखला जावा, हे त्यांना त्या वेळी प्रशस्त वाटले नव्हते. १८२७ मध्ये ते बॉस्टनला आले आणि हळूहळू सर्वस्वी संगीतशिक्षणाकडे वळले. नगर परिषदेने पैसा दिला नाही असे पाहिल्यावर त्यांनी दक्षिण बॉस्टनमधील हॉज शाळेत एक वर्ष विनावेतन शिकविण्याची तयारी दर्शविली. लागणारे साहित्यही त्यांनी पदरचेच वापरले. १८३७ च्या अखेरीस वर्ग सुरू झाला.

त्यांची शिकविण्याची रीत आपल्याकडील शिक्षकांना परकी वाटू नये, कारण तिचे मूळ पेस्टालॉझीपाशी आहे, आणि पेस्टालॉझीचे नाव अध्यापनविद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. विल्यम वुडब्रिज नावाचे एक शिक्षक युरोपात हिंडून आले होते. पेस्टालॉझीच्या तत्त्वांवर स्वित्झर्लंडमध्ये गायन कसे शिकवितात, हे त्यांनी तेथे पाहिले होते. १८३० मध्ये बॉस्टन येथील शिक्षकांच्या सभेत त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले. त्या वेळी मेसन यांनी शिकविलेल्या मुलांनी प्रत्यक्ष गाऊन दाखविले होते. या रीतीचे सार असे की, आधी नाद, मग त्याचे चिन्ह. मुलाने स्वर ऐकावा, गावा, दुसऱ्या स्वराशी ताडून पाहावा; त्यानंतरच त्या स्वराचे नाव व लेखन त्याच्यापुढे यावे. शिवाय स्वराची लांबी, उंची व जोर या तिन्ही गोष्टी एकदम न शिकविता एकेक करून शिकवाव्यात. आपल्याकडे गुरुमुखातून गाणे शिकणाऱ्याला यातील पहिला भाग फार नवा वाटणार नाही.

वर्षभरानंतर, १८३८ च्या ऑगस्टमध्ये, हॉज शाळेच्या मुलांचे जाहीर गायन झाले. शाळासमितीचे सभासद, पालक व इतर नागरिक तेथे उपस्थित होते. शाळेविषयीच्या अहवालात दोन गोष्टी नमूद झाल्या. ज्या मुलांची आरंभी अशी समजूत होती की आपल्याला ना गळा ना कान, त्यांतील पुष्कळ मुले आता विश्वासाने व बऱ्याच शुद्ध स्वरात गाऊ लागली होती. आणि गायनासाठी वेळ काढल्यामुळे इतर विषय मागे पडले नव्हते. त्याच महिन्यात शाळासमितीने शहराच्या सार्वजनिक शाळांसाठी गायनशिक्षक नेमण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांच्या नियमित अभ्यासक्रमात संगीताचा प्रवेश सामान्यतः याच निर्णयापासून मोजला जातो.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८३७ च्या ऑगस्टमधील उपसमितीचा अहवाल हा युक्तिवाद म्हणून मोठा भरभक्कम होता. बुद्धी, नीती व शरीर या तीन कसोट्या लावून त्याने गायनाची परीक्षा केली होती. गायनाने अवधान, तुलना व स्मरण यांना व्यायाम मिळतो. मनास प्रसन्नता व स्वस्थता येते. छाती व फुप्फुसे बळकट होतात, असे त्याचे प्रतिपादन होते. वेळ वाया जाईल, सर्वांनाच गाता येत नाही, हे आक्षेपही त्याने खोडून काढले होते. फुप्फुसांचा दाखला आज कोणी त्या शब्दांत देणार नाही, परंतु एकंदर मांडणी आजही वाचनीय आहे. तरीही त्या अहवालाने नगर परिषदेची थैली सुटली नाही. ती सुटली मुलांचे गाणे ऐकल्यावर.

याचा अर्थ विनामूल्य सेवा हाच उपाय, असा मात्र कोणी घेऊ नये. मेसन यांना एक वर्ष फुकट शिकविणे परवडले, कारण त्यांच्या संग्रहांच्या विक्रीतून व इतर कामांतून त्यांची प्राप्ती चांगली होती. त्यांनी हे वर्ष दाखला म्हणून दिले; कायमची व्यवस्था म्हणून नव्हे. त्यांचा हट्ट होता तो पगारी जागेचा. त्या हट्टाचे महत्त्व लौकरच कळून आले. १८४५ मध्ये शाळासमितीने खुद्द मेसन यांनाच गायनाच्या प्रमुखपदावरून दूर केले आणि त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका शिक्षकास त्या जागी बसविले. मेसन यांच्या चाहत्यांना त्याचा राग आला असेल. पण शाळांतील गायन बंद पडले नाही. मनुष्य गेला, जागा राहिली. विषय जर केवळ मेसन यांच्या औदार्यावर उभा असता, तर तो त्यांच्याबरोबरच शाळेबाहेर पडला असता.

पुढील शंभर वर्षांत अमेरिकेतील शाळांतून गायनाबरोबर वाद्यवृंदही आले आणि संगीतशिक्षक ही एक सर्वपरिचित जागा झाली. ती किती ठिसूळ पायावर उभी होती, हे १९७८ साली कॅलिफोर्निया राज्यात दिसून आले. हा प्रकार समजण्यासाठी तेथील शाळांचे अर्थकारण थोडे पाहिले पाहिजे. तेथे प्रत्येक भागाचा एक शालेय जिल्हा असतो, त्याचे निवडून आलेले मंडळ असते, आणि त्या मंडळाचा मोठा आधार त्या भागातील घराजमिनींवरील कर हा असे. आपल्याकडील घरपट्टीवर जर गावची शाळा चालत असती, तर जे झाले असते तेच तेथे होत असे: घरांची किंमत वाढली की कर वाढे, आणि कर वाढला की घरमालक कुरकुरू लागत.

१९७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'तेरावा प्रस्ताव' या नावाने प्रसिद्ध असलेली घटनादुरुस्ती मोठ्या बहुमताने संमत केली. मालमत्तेवरील कर तिच्या निर्धारित किमतीच्या एक टक्क्याहून अधिक असू नये, आणि ती निर्धारित किंमत, मालमत्ता विकली जाईपर्यंत, वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असे तिचे मुख्य स्वरूप होते. परिणामी या कराचे उत्पन्न पहिल्याच वर्षी निम्म्याहून अधिक घटले. राज्य सरकारने आपल्या शिलकेतून काही भार उचलला, तरी शालेय मंडळांना खर्चाला कात्री लावणे प्राप्त झाले.

कात्री नेहमी जेथे सहज चालते तेथेच आधी चालते. वाचन व गणित यांना कायद्याचे संरक्षण असते. इमारत, इंधन व मुलांना आणणाऱ्या गाड्या यांचा खर्च टाळता येत नाही. वर्गशिक्षकाचा पगार सर्व विषयांत विरघळलेला असतो. त्यातील भूगोल किती रुपयांचा, हे कोणी सांगू शकत नाही. संगीताचा शिक्षक मात्र वेगळा, त्याची वाद्ये वेगळी, त्यांची दुरुस्ती वेगळी. म्हणून अंदाजपत्रकात त्याची ओळही वेगळी. जी ओळ वेगळी दिसते तिच्यावर पेन्सिल आधी टेकते. संगीताला कोणी शत्रू असावा लागतो असे नाही. कित्येक वेळा ही ओळ खोडणारे सभासद स्वतः संगीताचे प्रेमी असतात. बॉस्टनच्या महापौरांचे उदाहरण वर आलेच आहे.

ओळ खोडताना पुष्कळदा असाही विचार केला जातो की, मोठ्या मुलांचा वाद्यवृंद गावात गाजलेला आहे, त्याला हात लावला तर ओरड होईल. त्यापेक्षा लहान वर्गांतील संगीत काढावे. लहान मुले तक्रार करीत नाहीत. पहिल्या वर्षी कोणाच्या काही लक्षात येत नाही. परंतु जे मूल चौथीत सुरात गायला शिकले नाही, ते आठवीत वाद्यवृंदात येत नाही. चार-पाच वर्षांनी वरच्या वर्गांतील संख्या आपोआप रोडावते, आणि मग मंडळापुढे नवे टिपण येते की विद्यार्थ्यांनाच या विषयात रस उरलेला नाही, सबब उरलेली जागाही रद्द करावी. झाडाची मुळे तोडून चार वर्षांनी फळे का येत नाहीत असा प्रश्न विचारावा, तसाच हा प्रकार आहे. आणि तो इतक्या शांतपणे घडतो की त्याचा दोष कोणा एकाच्या पदरी घालता येत नाही.

जॉन बेनहॅम हे अशा संकटात सापडलेल्या अनेक शालेय जिल्ह्यांना सल्ला देत आले आहेत. त्यांनी या कपातीच्या हिशेबातच एक मोठी चूक दाखवून दिली. तिचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका माध्यमिक शाळेत इतर विषयांचा शिक्षक दिवसाला पाच तास घेतो आणि प्रत्येक तासाला तीस मुले असतात. म्हणजे तो दिवसाकाठी दीडशे मुलांची सोय पाहतो. त्याच शाळेतील वाद्यवृंदाचा किंवा समूहगायनाचा शिक्षक पाच तास घेतो, पण त्याच्यापुढे एका वेळी साठ मुले बसतात. तो तीनशे मुलांची सोय पाहतो. आता संगीतशिक्षकाची जागा रद्द केली, की कागदावर एक पगार वाचला. पण ती तीनशे मुले त्या तासाला शाळेतच असतात. त्यांना कोठेतरी बसविले पाहिजे, आणि तीस-तीसच्या वर्गात बसवावयाचे तर दोन शिक्षक लागतात. एक पगार वाचविण्यासाठी दोन पगार खर्ची पडतात. बेनहॅम यांचा आग्रह असा की, कपातीला विरोध करणाऱ्यांनी मंडळापुढे भावनेची भाषा बोलण्याआधी हा हिशेब मांडावा. हा हिशेब लहान प्राथमिक शाळेला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे खरे; परंतु आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावे, हा त्यातील व्यवहार सर्वत्र सारखाच आहे.

पैशाची कपात दिसते तरी. वेळेची कपात दिसतही नाही. २००२ च्या जानेवारीत अमेरिकेत एक मध्यवर्ती कायदा अमलात आला. त्यान्वये तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणित यांत परीक्षा घेणे बंधनकारक झाले, आणि निकालावर शाळेची प्रतिष्ठा व पुढील कारवाई अवलंबून राहिली. हेतू उदात्त होता. मागासलेल्या मुलांकडे कोणी दुर्लक्ष करू नये, असाच तो होता. परंतु जे मोजले जाते तेच शिकविले जाते. शिक्षणधोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने २००७ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. तीत शेकडा ४४ शालेय जिल्ह्यांनी प्राथमिक वर्गांत एक वा अधिक इतर विषयांचा, अथवा खेळाच्या सुट्टीचा वेळ कमी केल्याचे सांगितले होते. कॅलिफोर्नियात तर पैसा व वेळ या दोन्ही कात्र्या एकाच सुमारास चालल्या. १९९९-२००० ते २००३-०४ या अवधीत तेथील सार्वजनिक शाळांत संगीत शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि संगीतशिक्षकांची संख्या एक-चतुर्थांशाहून अधिक घटली. या काळात एकूण विद्यार्थी मात्र वाढले होते. सर्वांत जबर फटका बसला तो सर्वसाधारण संगीतवर्गाला, म्हणजे ज्यात निवड न करता सरसकट सर्व मुलांना बसता येते त्या वर्गाला.

अशा वेळी संगीताच्या कैवाऱ्यांनी जे युक्तिवाद केले, ते सारेच टिकाऊ होते असे म्हणता येत नाही. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एका विख्यात विज्ञानपत्रिकेत लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्ट या संगीतकाराची एक रचना ऐकविली असता, आकृतींच्या कोड्यांत त्यांचे गुण काहीसे वाढले. ही वाढ दहा-पंधरा मिनिटे टिकली. प्रयोग एवढाच. पण बघता बघता त्याचे 'मोझार्ट ऐका, बुद्धी वाढवा' असे रूपांतर झाले. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बालकाच्या घरी संगीताची एक ध्वनिमुद्रिका पाठविण्यासाठी १,०५,००० डॉलरची मागणी आपल्या अंदाजपत्रकात केली. शाळांतील संगीतशिक्षकांच्या जागा ठिकठिकाणी जात असताना पाळण्यातील बाळांना ध्वनिमुद्रिका पुरविण्याची ही कल्पना विनोदी म्हणावी की करुण, हे ठरविणे कठीण आहे. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम फारच थोडा, किंवा मुळीच नाही, असे आढळले.

प्रत्यक्ष संगीत शिकण्याचे परिणामही असेच जपून सांगितले पाहिजेत. टोरांटो येथे १४४ सहा वर्षांच्या मुलांचे चार गट करून, काहींना पेटीसारखे वाद्य, काहींना गायन, काहींना नाट्य शिकविले व काहींना काहीच शिकविले नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित अधिक वाढला, सुमारे सात विरुद्ध चार. मात्र वागणुकीतील सुधारणा दिसली ती नाट्य शिकलेल्या मुलांत. उलट २०१३ मधील एका प्रयोगात, चार वर्षांच्या मुलांना काही आठवडे संगीत शिकवूनही इतर क्षमतांत विश्वासार्ह असा फरक दिसला नाही. तात्पर्य, संगीताने गणित सुधारते या पायावर जो संगीताची बाजू मांडतो, तो ती बाजू गणिताच्या परीक्षकाच्या स्वाधीन करतो. उद्या गणिताचे गुण वाढले नाहीत, तर त्याच्यापाशी बोलावयास काही उरत नाही. शिवाय गणित सुधारावयाचे असेल तर गणितच अधिक शिकवावे, हे उत्तर कोणताही समंजस सभासद देईल.

संगीताची खरी बाजू याहून साधी आहे. गाता येणे ही एक विद्या आहे. ती शिकविल्याने येते आणि न शिकविल्याने बहुधा येत नाही. हॉज शाळेतील ज्या मुलांची समजूत होती की आपल्याला गळाच नाही, त्यांचा हा सारा वाद आहे. सुखवस्तू घरातील मुलासाठी शिक्षक घरी येतो, पेटी विकत आणली जाते. गरिबाच्या मुलाला जर शाळेत सूर भेटला नाही, तर तो त्याला पुढे भेटेलच याची खात्री नाही. आणि आपल्याला गाता येत नाही, ही समजूत तो जन्मभर बाळगतो. सार्वजनिक शाळेतून संगीत काढले म्हणून गावातून संगीत नाहीसे होत नाही. ते फक्त काही घरांपुरते उरते. जो पैसा सर्वांकडून कररूपाने येतो, त्याने या विद्येचा वाटा सर्वांना द्यावा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

अंदाजपत्रकाने संगीत मारता येते, तसे ते वाढविताही येते, याचे एक जुने उदाहरण इंग्लंडमधील आहे. तेथे १८७२ च्या सुमारास नियम झाला की, ज्या प्राथमिक शाळेत गायन शिकविले जात नाही, तिच्या अनुदानातून दर मुलामागे एक शिलिंग कापावा. पुढे १८८२ मध्ये त्यात भेद केला गेला: मुले केवळ ऐकून गात असतील तर सहा पेन्स, आणि स्वरलेखन वाचून गात असतील तर पूर्ण शिलिंग. शाळांनी अर्थातच शिलिंगाकडे धाव घेतली. त्यासाठी पियानो घ्यावा लागला नाही. नॉर्विच येथील सॅरा ग्लोव्हर या शिक्षिकेने रचलेली आणि जॉन कर्वेन यांनी सुधारून देशभर नेलेली 'टॉनिक सोल-फा' ही पद्धत त्यांच्या उपयोगी पडली. तिच्यात स्वर साध्या अक्षरांनी लिहितात आणि पहिला स्वर गायकाच्या सोयीने कोठेही धरतात. आपल्या सारेगमप्रमाणेच येथेही 'सा' चल आहे. फळा, खडू आणि शिक्षकाचा गळा एवढ्या भांडवलावर गिरण्या व खाणींच्या वस्त्यांतील मुले स्वर वाचू लागली. पैशाच्या लोभाने शिकविलेले गायन हे कितपत रसाळ असेल, अशी शंका तेव्हाही घेतली गेली, आणि ती निराधार नव्हती. परंतु मुले गाऊ लागली हे नाकारता येत नाही.

कॅलिफोर्नियाच्या गोष्टीला अलीकडे वेगळे वळण लागले आहे. ज्या मतदारांनी १९७८ मध्ये कर रोखला, त्यांच्याच राज्यात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये 'अठ्ठाविसावा प्रस्ताव' सुमारे शेकडा ६४ मतांनी संमत झाला. सार्वजनिक शाळांना राज्याच्या हमीने जो निधी मिळतो, त्याच्या एक टक्क्याइतकी जादा रक्कम दरवर्षी कला व संगीत यांसाठी वेगळी द्यावी, असे त्याने ठरविले. पहिल्याच वर्षी ही रक्कम सुमारे ९४ कोटी डॉलर झाली. शिक्षकांनी लक्ष द्यावे ते या प्रस्तावाच्या शब्दरचनेकडे. वाटप शेकडा ७० पटाच्या प्रमाणात आणि ३० गरीब मुलांच्या संख्येच्या प्रमाणात. पाचशे वा अधिक मुले असलेल्या जिल्ह्यांत शेकडा ८० रक्कम माणसांच्या नेमणुकीवरच खर्च करावी, म्हणजे ती वाद्यांच्या खरेदीत वा समारंभात जिरणार नाही. आणि ही रक्कम आधीच्या खर्चात भर म्हणून वापरावी, त्याच्या बदली वापरू नये. शेवटची अट सर्वांत अवघड ठरली. नव्या पैशातून जुन्याच जागांचे पगार दिले जातात, अशा तक्रारी पुढे आल्या आणि काही न्यायालयातही गेल्या. तरतूद मिळविणे ही अर्धीच लढाई असते. ती ज्या कामासाठी मिळाली त्याच कामावर खर्च होते की नाही, हे पाहत राहणे ही दुसरी अर्धी.

आपल्याकडील नियम याच दृष्टीने वाचून पाहण्याजोगा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमास जोडलेल्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे म्हटले आहे. कला या एका शब्दात चित्र व संगीत ही दोन्ही आली. शंभराच्या आतील शाळांसाठी, तसेच पहिली ते पाचवीसाठी, अशी वेगळी जागा सांगितलेली नाही. म्हणजे वाडीवस्तीवरील शाळेत वर्गशिक्षक हाच गायनशिक्षक; आणि तेथे जाऊ शकते ती जागा नसून तासिका. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातील जो तास प्रथम गणिताला दिला जातो, तो कोणता, हे सांगावयास नको.

त्या तासाच्या रक्षणासाठी हॉज शाळेने केले तेच करता येण्यासारखे आहे. तेथे ज्यांनी निर्णय घेतला, त्यांच्यापुढे मुलांचे गाणे होते आणि शाळेची लेखी नोंद होती. जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एखाद्या परिचित समूहगीताचे ध्रुवपद एकट्याने म्हणवून घ्यावे. शिक्षकाने स्वतःच्या सोयीचा नव्हे, तर मुलांच्या गळ्याला पेलेल असा थोडा वरचा षड्ज धरावा. मोठ्या माणसाच्या खर्जात मुले बेसूर वाटतात, व दोष मुलांवर येतो. सूर धरता आला, थोडा सुटला, मुळीच धरता आला नाही, एवढ्या तीन खुणा नावापुढे पुरेत. परिपाठातील गीत रोज एकदम सर्वांकडून म्हणवून न घेता, आळीपाळीने एकेका रांगेकडून म्हणवून घेतले, तर मागे राहणारी मुले कोणती ते कानावर येते. मार्चमध्ये पुन्हा तीच ओळ व त्याच खुणा. ही नोंद त्याच वर्षीच्या भाषा व गणिताच्या निकालाशेजारी लिहून, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवावी आणि इतिवृत्तात घ्यावी. सभेच्या आरंभी मुलांनी एक गीत म्हणावे. त्यात जूनमध्ये ज्यांच्या नावापुढे तिसरी खूण होती, त्यांना पुढच्या रांगेत उभे करावे.